आधी रात्रीची झोप वाटून घ्या

प्रश्न : सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. दिवसा ब्युरोच्या मावशी येतात, रात्री मीच. त्या सारख्या उठवतात, 'मला शनिवार पेठेतल्या घरी सोड' म्हणतात. परवा कपडे बदलताना माझा हात जोरात लागला. मग खूप रडले. माझी बीपीची गोळीही हल्ली राहून जाते. दीर बाणेरला असतात, फोनवर चौकशी करतात. माझी माया आटली का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : माया आटली असती तर तुम्ही रडला नसता. मला काळजी वाटली ती गोळीची. वॉर्डात आयुष्य काढलंय, म्हणून सांगते: सेवा करणारी बाई आधी स्वतःचं औषध-जेवण सोडते, मग चिडचिड वाढते, मग हात जड होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेली 'बर्नआउट'ची, म्हणजे सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, व्याख्या नोकरीपुरतीच आहे. घरची सून तिच्यात बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. थकवा तर तोच असतो.

दिरांना 'जरा मदत करा' असं मोघम म्हणू नका. शनिवारची रात्र त्यांची, असं स्पष्ट सांगा. गोळ्या कोणत्या, डायपर कुठे, हे कागदावर लिहून कपाटाला चिकटवा आणि तुम्ही बहिणीकडे नाहीतर मैत्रिणीकडे झोपायला जा. घरात असलात तर हाक तुम्हालाच येणार.

'हेच तुमचं घर' हे पटवत बसू नका. शनिवार पेठेतल्या वाड्यात शेजारी कोण होतं, विचारा. या आजारात जुन्या आठवणी बऱ्याच टिकतात. राग अनावर झाला तर कपडे अर्धवट राहू देत. अंगावर चादर घाला, त्या पडणार नाहीत एवढं बघा आणि पाच मिनिटं गॅलरीत थांबा. रात्रीचं उठणं अचानक वाढलं असेल तर डॉक्टरांना सांगा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं यांनीही असं होतं. झोपेची गोळी मनाने देऊ नका.

आणि मावशींना विचारा, इथून सुटल्यावर त्या दुसरीकडे रात्रपाळीला जातात का. बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या ओढणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की त्यांनाही पडू द्या, तेव्हा भाजी निवडायला देऊ नका. आठवड्याची सुट्टी द्या, पगार न कापता.

फारच कोंडल्यासारखं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालू असतो. मराठीत बोलता येतं.