पॅरिस सोडून फ्रान्समधलं एखादंच शहर बघायचं असेल तर कुठलं बघावं?

डोळे झाकून लियाँ. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत पोचता.

जुन्या लियाँत घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, त्यांना 'त्राबूल' म्हणतात. साधा दरवाजा ढकलायचा. आत अंधारा बोळ, मग छोटा चौक, गोल जिना, आणि बाहेर पडता ते थेट पलीकडच्या गल्लीत. आत लोक राहतात, त्यामुळे गलका नको. क्रुआ-रूसच्या टेकडीवर रेशीम विणकरांची वस्ती होती. १८३१ साली मजुरीच्या दरावरून त्यांनी उठाव केला होता. फुर्व्हिएर टेकडीवरचं रोमन थिएटर चुकवू नका. शेजारची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, घाईत उरकली तरी चालेल.

जेवायला 'बुशाँ', म्हणजे तिथल्या खास खानावळी. शाकाहाऱ्यांची मात्र पंचाईत, कारण अर्धा मेन्यू डुकराच्या आतड्या-कोथळ्याचा. ताज्या मऊ चीजमध्ये लसूण आणि हिरवा मसाला कालवलेलं 'सर्व्हेल द कानू' पावाला लावून खा, वर गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट मागवा.

आणि हो, १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांची चलचित्रं दाखवली गेली, त्या ल्युमिएर बंधूंचं घर इथेच आहे. आता तिथे म्युझियम आहे. मेट्रोने 'माँप्लेझिर-ल्युमिएर' स्टेशनला उतरा.