‘तोमार एल पेलो’: पाय ओढायचा की केस घ्यायचे?

विलेपार्ल्याच्या एक विद्यार्थिनी स्पॅनिश शिकतायत. वर्गात त्यांना एक तक्ता मिळालाय. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे स्पॅनिश. त्यात ‘पुलिंग समवन्स लेग’समोर ‘तोमार एल पेलो’ आहे, शब्दशः ‘केस घेणे’. त्या विचारतात, पाय ओढण्याचे केस कसे झाले? मराठीत केसाने गळा कापतात, तसा काही दगाफटका यात आहे का? आणि हे पाठ कसं करायचं?

आधी तो इंग्रजीचा पाय सोडा. ‘तोमार’ म्हणजे घेणे. आपण चेष्टा करतो तेव्हा काय करतो? फिरकी घेतो! क्रियापद तेच. ‘मे एस्तास तोमांदो एल पेलो?’ म्हणजे ‘माझी फिरकी घेतोयस का?’ मराठीतून स्पॅनिशकडे सरळ रस्ता असताना इंग्रजीवरून वळसा घालणं म्हणजे दादरहून ठाण्याला जायला आधी चर्चगेट गाठणं.

केसाने गळा कापण्याचा इथे संबंध नाही, त्यात विश्वासघात आहे. पण सूर चढला की हेच वाक्य धारदार होतं. दुकानदार तिसऱ्यांदा ‘उद्या या’ म्हणाला तर स्पॅनिश माणूस हेच म्हणेल, आणि तिथे त्याचं मराठी ‘मला काय खुळा समजलास?’ असं होईल.

त्या वाक्यात ‘माझे’ केस कुठेच नाहीत, हेही पाहा. नुसते ‘एल पेलो’, आणि माणूस ‘मे’मध्ये, म्हणजे आपल्या ‘मला’मध्ये. हा ‘मला’ तर आपल्या घरचाच. ‘मे गुस्ता एल मांगो’, मला आंबा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. आपल्याला हे शिकवावंच लागत नाही.

म्हणींत तर मजा आणखी वाढते. इंग्रजीत हातातला एक पक्षी झुडपातल्या दोघांच्या तोडीचा. स्पॅनिशमध्ये ‘मास वाले पाखारो एन मानो के सिएंतो वोलांदो’, हातातलं एक पाखरू उडत्या शंभरांपेक्षा बरं. झुडपातले पक्षी निवांत बसलेत, हे मात्र निसटून चाललेत. आता आपली म्हण आठवा: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. हातही आहे, निसटणंही आहे. ‘पाखारो’ आणि ‘पाखरू’ यांचं साम्य निव्वळ योगायोग आहे बरं का. स्पॅनिश शब्द चिमणीला म्हणायच्या लॅटिन ‘पासेर’वरून आला, आपला पंख या अर्थाच्या ‘पक्ष’च्या घराण्यातला. नातं नाही, पण पाठांतराला याहून चांगली खुंटी कुठे मिळणार?

खरं नातं दातांचं आहे. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये, असं इंग्रजी सांगतं. स्पॅनिश थेट दातावर येतं: ‘आ काबायो रेगालादो नो ले मिरेस एल दिएंते’. आपल्याकडेही धर्माच्या गाईचे दात बघत नाहीत. जनावराचं वय दातांवरून ओळखतात, म्हणून गुरांच्या बाजारात तोंड उघडून पाहायची रीत. हा ‘दिएंते’ आणि आपला ‘दंत’ मात्र एकाच मुळाचे.

सगळीकडे असं जुळत नाही. महाग वस्तूला स्पॅनिशमध्ये ‘चेहऱ्यावरचा एक डोळा’ मोजावा लागतो. आपल्याकडे किंमत ऐकून डोळे पांढरे होतात, पण डोळे द्यावे लागत नाहीत. तिथे चित्रच नवं लक्षात ठेवा.

पाऊस आता तुम्हीच पाहा. इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात, स्पॅनिशमध्ये ‘योवेर आ कांतारोस’, घागरींनी पाऊस. कांतारो म्हणजे मातीची घागर. जुलैत फलाटाच्या पत्र्याच्या कडेवरून पाण्याचा लोट अंगावर येतो ना, तेव्हा मनात म्हणा, आ कांतारोस. पहिल्या ‘कां’वर जोर द्या.

आणि वर्गात बाईंना उद्देशून वाक्य करायचं असेल तर ‘एस्तास’ नको, ते ‘तू’चं रूप आहे. ‘मे एस्ता तोमांदो एल पेलो?’ म्हणा, तुम्ही माझी फिरकी घेताय का?