मॅक की लिनक्स? आधी ती पॉलिसी परत करा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. मुलगी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. प्रवेश कॅप राउंडमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला, फी वर्षाला दीड लाख. घरातला 2016 चा लॅपटॉप तिला दिलाय: आय-थ्री, 4 जीबी रॅम, विंडोज 10. होस्टेलवरच्या मैत्रिणींकडे अ‍ॅपलचे मॅक लॅपटॉप आहेत, तिलाही तोच हवाय, किंमत लाखाच्या आसपास. भाचा म्हणतो, "मामा, उगाच खर्च करू नका, मी जुन्यावर लिनक्स टाकून देतो." तर मॅक घ्यावा, की लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर) भागवावं, असा प्रश्न.

पुढे वाचक लिहितात, "पैशांची तशी अडचण नाही." आणि मग अडचणींची यादीच येते. वय 46, हातात पगार 52 हजार, घरात एकटे कमावते. 2 लाखांची एफडी होती ती मोडली. त्यातले 75 हजार बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या, मुलीच्या नावावरच्या पॉलिसीत भरले. लोनच्या फाइलबरोबरच पॉलिसीच्या कागदांवरही सह्या झाल्या. शैक्षणिक कर्ज 6 लाखांचं मंजूर झालंय, साडेदहा टक्क्यांनी. पहिला हप्ता अजून उचललेला नाही. पॉलिसीचे पैसे दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी "दुप्पट" मिळणार आणि "त्यातून कर्ज आपोआप फिटेल". शिवाय चार वर्षांनी दहा लाखांचं पॅकेज धरलेलंच आहे. पॉलिसीची पीडीएफ 4 तारखेला ईमेलवर आली. पत्र 22 तारखेचं.

सांगलीकर, तुम्हाला ईमेल त्याच दिवशी केली आहे. तुमच्यासारख्या सह्या करून बसलेले बरेच जण असतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. लॅपटॉपचं उत्तर शेवटी देतो. तो दिवाळीपर्यंत थांबला तरी काही बिघडत नाही. पॉलिसीला मात्र मुदत आहे.

आयुर्विम्याची कागदपत्रं हाती पडल्यापासून 30 दिवसांत, पटली नाही तर, पॉलिसी परत करता येते. यालाच फ्री-लुक म्हणतात. पूर्वी ही मुदत बहुतेक पॉलिसींना 15 दिवसांची होती, 2024 च्या नियमांनी ती 30 झाली. ईमेलवर आलेली पीडीएफही कागदपत्रंच, त्यामुळे छापील प्रत कधी येते याची वाट पाहत बसू नका. तुमचे 18 दिवस गेलेत, 12 उरलेत. परत करताना मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा थोडा हप्ता कापतात. 75 हजारांतले बहुतेक सगळे परत येतात.

आता परत का करायची, ते तुम्हीच पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोवरून पाहू. हप्ता 75 हजार गुणिले 10, म्हणजे साडेसात लाख. पंधराव्या वर्षी काय मिळेल, त्याचे दोन रकाने आहेत: 4 टक्क्यांच्या रकान्यात 9 लाख आणि 8 टक्क्यांच्या रकान्यात 15 लाख. साहेबांनी बोट ठेवलं ते दुसऱ्यावर, तिथूनच "दुप्पट" आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ही रक्कम हमीची नाही. बरं, 8 टक्के हे कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले. एजंटचं कमिशन, कंपनीचा खर्च, विम्याचा भाग हे सगळं त्यातून जातं. तुमच्या हाती साडेसातचे पंधरा लाख आले तरी ते साडेसहा टक्के होतात, कारण पहिला हप्ता पंधरा वर्षं अडकतो आणि दहावा सहा. पहिला रकाना खरा ठरला तर पावणेदोन टक्के. पोस्टातली साधी बचत ठेव याहून बरी.

आणि हे पैसे गुंतवतोय कोण? ज्याने साडेदहा टक्क्यांनी कर्ज काढलंय तो.

आता "कर्ज आपोआप फिटेल" हे तपासू. चार वर्षं कोर्स, त्यानंतर एक वर्ष हप्त्यांतून सवलत, मग सात वर्षं हप्ते. कर्ज बाराव्या वर्षी फिटायला हवं. पॉलिसीचे पैसे येतात पंधराव्या वर्षी. कर्ज फिटल्यावर तीन वर्षांनी ते फेडायला पैसे येणार! हे लोन देणाऱ्या टेबलावरच्या माणसाला कळत नाही, असं मी मानणार नाही.

दरवर्षी दीड लाख उचलले, तर पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण 14 वर्षांचं व्याज. दीड लाखावर साधं व्याज धरलं तरी वर्षाला पावणेसोळा हजार. गुणाकार करा, सुमारे 2 लाख 20 हजार. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर 8 लाख 20 हजार. सात वर्षांसाठी महिन्याचा हप्ता 13,800 च्या घरात. त्यात सहाव्या ते दहाव्या वर्षी पॉलिसीचे 75 हजार चालूच. वर्षाला 2 लाख 40 हजार बाहेर जाणार, आणि तुम्ही तेव्हा पन्नाशी ओलांडलेले.

दुसरा रस्ता बघा. तुम्ही दहा वर्षं दरसाल 75 हजार भरायला तयार झालात, म्हणजे तेवढे निघतात असं धरतो. त्यातले 15 हजार बाजूला ठेवा, कशाला ते पुढे सांगतो. उरलेले 60 हजार सरळ फीत घाला. कर्ज दरवर्षी फक्त 90 हजार उचला. मंजूर झालं म्हणून 6 लाख सगळे उचलायची सक्ती नसते, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. चार वर्षांत 3 लाख 60 हजार, त्यावर व्याज सव्वा लाखापेक्षा थोडं जास्त, एकूण 4 लाख 90 हजार. हप्ता 8,300. महिन्याला साडेपाच हजारांचा फरक, आणि हप्ते सुरू होतील तेव्हा त्या पॉलिसीचं ओझंही नाही.

दहा लाखांच्या पॅकेजबद्दल. मिळालं तर पेढे वाटा. पण हप्ता त्याच्या भरवशावर ठरवू नका. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलेल्या मुलांना हातात वीस-पंचवीस हजार मिळतात, हे तिथल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर विचारा. पंचवीसात खोलीभाडं आणि मेस काढून 8,300 ओढाताण करत बसतात. 13,800 बसत नाहीत.

ते 15 हजार कशाला? पॉलिसीचा फोटो पुन्हा पाहा. विमा कोणाच्या आयुष्याचा उतरवलाय? अठरा वर्षांच्या मुलीच्या. तिच्या पगारावर घरातलं कोणी अवलंबून नाही, कारण तिला पगारच नाही. घर चालतं तुमच्या पगारावर, आणि तुमच्या नावावर एक रुपयाचा विमा नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर पॉलिसीतून घरी काही येणार नाही; उलट पुढचा हप्ता कोण भरणार, हा प्रश्न येईल. हप्ते माफ होण्याची सोय त्यात घेतलेली दिसत नाही. तुमच्या वयाला 60 पर्यंतची 50 लाखांची साधी टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी) वर्षाला 12 ते 15 हजारांच्या आसपास मिळते, तब्येत आणि सवयींप्रमाणे कमीजास्त. शेवटी काही परत मिळत नाही, म्हणून साहेबांनी ती दाखवली नसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. प्रस्तावात बीपी-शुगर लपवू नका. ही टर्म पॉलिसी हातात आल्याशिवाय मॅकचं नाव काढायचं नाही.

परत कशी करायची? बँकेतल्या साहेबांना फोन करून अजिबात नाही. ते आधी रजेवर असतील, मग "लॉक-इन आहे" म्हणतील, मग "तीन वर्षं तरी भरा" किंवा "दुसरी चांगली योजना बदलून देतो". या चार वाक्यांत 12 दिवस सहज जातात. विमा कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर स्वतः लिहा: पॉलिसी क्रमांक, कागदपत्रं मिळाल्याची तारीख, फ्री-लुकमध्ये रद्द करायची आहे, हे कारण, हा खाते क्रमांक. सोबत रद्द केलेला चेक. तेच पत्र कंपनीच्या जवळच्या शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिली असेल तर तीही बंद करा. कर्ज अडेल ही भीती सोडा. शैक्षणिक कर्जासाठी पॉलिसी घेतलीच पाहिजे, अशी अट घालता येत नाही. कोणी घातलीच तर ती लेखी मागा, बहुधा विषय तिथेच संपेल. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद आणि महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच आहे.

मुदत चुकली तर? 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी एक वर्षानंतर सोडलेल्या पॉलिसीतूनही काही रक्कम मिळते. पण 75 हजारांतले किती, हे ऐकून तुम्हाला वाईटच वाटेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती कदाचित सगळ्यात मोठी आहे. महाराष्ट्रात 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमच्या पत्रात जातीचा उल्लेख नाही, असायचं कारणही नाही. पण पगार पाहता उत्पन्नाची अट बसण्यासारखी आहे. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केलाय का? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि गटाप्रमाणे लागणारी प्रमाणपत्रं काढलीत का? विकास शुल्क वगैरे भरावं लागेल, पण दीड लाखातला मोठा भाग सुटू शकतो. मग वरचा सगळा कर्जाचा हिशेब निम्म्यावर येईल. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात उद्याच जा. तुम्ही खुल्या गटातले असाल आणि ईडब्ल्यूएसमध्ये बसत नसाल, तरी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची चौकशी करा.

आता लॅपटॉप.

मॅक नको. पैशांमुळे नव्हे, शाखेमुळे. मेकॅनिकलला पुढे सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ अशी डिझाइनची (कॅडची) सॉफ्टवेअर लागतात, आणि ही तिन्ही फक्त विंडोजवर चालतात. अ‍ॅन्सिस विंडोज आणि लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, मॅटलॅबही, पण तेवढ्यावर चार वर्षं निघत नाहीत. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवरच्या मॅकमध्ये पूर्वीसारखं बाजूला विंडोज बसवून घेता येत नाही. मैत्रिणी कॉम्प्युटर शाखेच्या असतील तर त्यांचं मॅकवर छान चालेल. मुलीला हे असंच सांगा, "परवडत नाही" म्हणू नका. आणि "नो कॉस्ट ईएमआय" या शब्दांवरही जाऊ नका. त्यात प्रोसेसिंग फी असते आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो. एफडीतल्या उरलेल्या सव्वा लाखातून लाख काढले तर घरात 25 हजार राहतात, हे तर तुम्हालाही दिसत असेल.

भाचा पहिल्या वर्षापुरता बरोबर आहे. विंडोज 10 चं अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच मिळतात. त्या जुन्या आय-थ्रीवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. लिनक्सचा 'मिंट' हा प्रकार बसेल, फुकट आहे, आणि त्याच्या 22 या आवृत्तीला 2029 पर्यंत अपडेट आहेत. पण 4 जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कवर काहीही टाकलं तरी ते रडतच चालणार. आधी एसएसडी (जलद चालणारी नवी डिस्क) आणि 8 जीबी रॅम घाला. रॅमचे भाव चढलेत, तरी नव्या लॅपटॉपपेक्षा हे बरंच स्वस्त पडावं. पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग, पीडीएफ, असाइनमेंट, व्हिडिओ एवढ्याला ते पुरतं. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतात का, ते बघूनच बसवा. काही कॉलेजं परीक्षेला 'सेफ एक्झाम ब्राउझर' वापरतात, त्याची लिनक्स आवृत्ती नाही. तसं असेल तर परीक्षा लॅबमधूनच द्यावी लागेल, हे आधी विचारा. तुमचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा जुन्या डिस्कवर आहे ना? मग ती डिस्क काढून जपून ठेवा आणि नव्या एसएसडीवर मिंट टाका. टॅली लिनक्ससाठी येत नाही. तो डेटा ऑफिसच्या मशीनवर एकदा उघडून पाहा.

दुसऱ्या वर्षी कॅड खऱ्या अर्थाने सुरू झालं की विंडोजचा 16 जीबी रॅमवाला लॅपटॉप घ्या, साठ-सत्तर हजारांत. आतापासून महिन्याला पाच हजार आवर्ती ठेवीत टाका, वर्षात साठ होतात. फी माफ झाली तर तेही जड जायचं नाही. शैक्षणिक कर्जात लॅपटॉप बसवता येतो, बँकवाले तसं सुचवतीलही. पण पाच वर्षांत जुनं होणाऱ्या यंत्राचे हप्ते बाराव्या वर्षापर्यंत कशाला भरायचे? घेण्याआधी मुलीला लॅबमध्ये एक विचारायला सांगा: सॉलिडवर्क्सची कोणती आवृत्ती शिकवतात, आणि कॉलेज विद्यार्थ्यांना परवाना देतं का.