ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, मग पैसे गेले कसे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: वडील रिटायर्ड आहेत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून आरटीओ चलानची फाईल आली, त्यांनी उघडली, काहीच दिसलं नाही म्हणून सोडून दिली. रात्रीत खात्यातून तीनदा पैसे गेले. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितलेला नाही. बँक म्हणते ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला. आता काय करायचं? – एक वाचक, मिरज

उत्तर: दादा, वडील खरं बोलतायत, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. अशा वेळी म्हातारं माणूस पैशापेक्षा घरच्यांच्या नजरेने जास्त खचतं.

ती फाईल चलान नव्हतीच, ते अ‍ॅप होतं. नावाच्या शेवटी एपीके असं असतं, बोट लावलं की फोन विचारतो हे अ‍ॅप इन्स्टॉल करू का, मग मेसेज वाचायची परवानगी मागतो, आणि चलान बघायच्या घाईत माणूस अलाऊ अलाऊ करत जातो. त्यानंतर अ‍ॅपचा आयकॉनसुद्धा दिसत नाही बऱ्याचदा. मेसेजची परवानगी मिळाली की आलेला ओटीपी तुमच्या वडिलांनी बघायच्या आत चोराकडे पोचलेला असतो. आणि हेच अ‍ॅप त्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना तीच फाईल पाठवू शकतं, म्हणून तर ती ओळखीच्या माणसाकडून आली. त्यामुळे आज वडिलांच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन करून सांगा, माझ्या नावाने फाईल आली तर उघडू नका.

आता काम. अजून केलं नसेल तर हे वाचणं थांबवून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात अडवायचे तर तासातासाला फरक पडतो, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. तो फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद, सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. फोन फॅक्टरी रिसेट करायचाच आहे, पण आधी त्या फाईलचे, मेसेजचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, पोलिसांना लागतात.

बँकेला लेखी द्या, तोंडी नको. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. बँकेची किंवा तुमची चूक नसताना यंत्रणेत तिसरीकडेच घोळ झाला असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. बँक अर्थात निष्काळजीपणा म्हणणार, कारण ओटीपी-पासवर्ड स्वतः दुसऱ्याला दिला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, असंही त्यातच आहे. पण इथे दिलेला नाही, चोरलाय! तुमच्या अर्जात हा फरक ठळक लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

या निमित्ताने मला थोडं मोठं बोलायचंय, कारण अशी पत्रं सारखी येतात आणि प्रत्येकात बँकेचं वाक्य तेच, ओटीपी बरोबर आहे. अहो, ओटीपी बरोबर पडला याचा अर्थ तो आकडा कुणाच्या तरी हाती लागला एवढाच होतो, कुणाच्या ते त्यातून कळत नाही. एसएमएस कधीच कुलूपबंद नव्हता. त्याच्यामागे कॉल-मेसेज इकडून तिकडे पोचवणारी एसएस७ नावाची जी व्यवस्था आहे ती १९७० च्या दशकातली, मोजक्या टेलिफोन कंपन्या एकमेकींवर विश्वास ठेवून चालायच्या तेव्हाची. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी तीच व्यवस्था वापरून लोकांचे ओटीपी आपल्याकडे वळवले आणि खाती रिकामी केली, तिथल्या मोबाईल कंपनीने ते मान्यही केलं. म्हणजे तिथे ओटीपी चोरायला ग्राहकाच्या फोनमध्ये कसलं अ‍ॅपसुद्धा टाकावं लागलं नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एसएमएसवरच्या ओटीपीला जपून वापरायच्या यादीत टाकलं. सिंगापूरच्या मोठ्या बँकांनी २०२४ मध्ये ठरवलं की ज्यांच्या फोनवर डिजिटल टोकन, म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमधूनच मंजुरी द्यायची सोय आहे त्यांना लॉगिनसाठी ओटीपी नाहीच. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे नियम दिले, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात एसएमएस बंद केलेला नाही पण दुसरे मार्ग मोकळे केलेत, आणि हे नियम न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं तर बँकेने पूर्ण भरपाई द्यायची असंही म्हटलंय.

दुसरा मार्ग म्हणजे उदाहरणार्थ पासकी. यात कुठला आकडा येतच नाही. तुमच्या फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते, ती फोनबाहेर मेसेजसारखी फिरत नाही, तुम्ही बोटाचा ठसा दिला की फोन त्या किल्लीने सही करून साइटला उत्तर देतो, आणि साइट खोटी असेल तर फोन ओळखतो की हा पत्ता वेगळाय आणि सही करतच नाही. कुणाला फोनवर वाचून दाखवावं असं काही उरतच नाही ना. मात्र डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची धमकी देतात त्या भीतीने माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो तिथे पासकीचा उपयोग नाही, हेही सांगायला हवं.

ओटीपी बंदच करा असं मी म्हणणार नाही. बटणाचा फोन वापरणारी आजी, रेंज जेमतेम असलेला पाडा, तिथे एसएमएसच पोचतो. पण कच्चं कुलूप लावायचं ठरवलं बँकेने आणि ते तुटलं की भुर्दंड गिऱ्हाईकाला, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये तर फसवून स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावलं तरी ७ ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक प्रकरणांत बँकेला परत द्यावे लागतात, ८५ हजार पौंडांपर्यंत, आणि निम्मा भार पैसे स्वीकारणाऱ्या बँकेवर. चोराचं खातं कुणीतरी उघडून दिलेलं असतं ना! तो प्रश्न आपल्याकडे जोरात विचारला गेला पाहिजे.

प्रश्न: आमच्या ऑफिसात दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात, कॅपिटल, आकडा, चिन्ह सगळं पाहिजे. सगळेजण डायरीत लिहून ठेवतात. याने सुरक्षा खरंच वाढते का? – एक लिपिक, जळगाव

उत्तर: नाही वाढत. हा सल्ला २००३ च्या अमेरिकी सरकारी दस्तऐवजातून जगभर पसरला आणि तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी एनआयएसटीने सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, उगाच ठराविक दिवसांनी नको. कारण माणूस काय करतो, जळगाव@१ चा जळगाव@२ करतो, आणि हे चोराला पाठ आहे. लांबी महत्त्वाची, चार-पाच असंबद्ध शब्द जोडा, आणि एका ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नका. साहेबांना हे लेखी दाखवा. डायरी घरी कपाटात असेल तर मला तेवढी चूक वाटत नाही, टेबलावर मात्र नको.

प्रश्न: मुलगी १७ वर्षांची, ऑनलाईन परीक्षेसाठी क्लासने एक अ‍ॅप टाकायला लावलं. ते कॅमेरा, माईक, स्क्रीन सगळं मागतं आणि परीक्षेआधी लॅपटॉप फिरवून पूर्ण खोली दाखवायला सांगतं. आमचं घर वन रूम किचन, मागे सासूबाई झोपलेल्या असतात. नाही म्हटलं तर परीक्षा बुडेल. – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर खटकलं. अमेरिकेत ओहायोमधल्या क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने यावरच कोर्टात धाव घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की सरकारी विद्यापीठाने असं घर दाखवायला लावणं म्हणजे बेकायदा झडती. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण मुद्दा तोच आहे.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक मूल बालक धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. शिक्षणसंस्थांना नियमांमध्ये काही सवलती आहेत, तरी विचारायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. क्लासला ईमेल करा: रेकॉर्डिंग कुठे ठेवता, किती दिवसांनी पुसता, कोण बघतं, आणि क्लासमध्ये येऊन परीक्षा द्यायची सोय आहे का. चार-पाच पालकांनी मिळून सही केलीत तर उत्तर लवकर येतं. ही भीती हवेतली नाही, २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की सरकारी दीक्षा अ‍ॅपवरची लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडली होती. तोवर परीक्षेपुरतं लॅपटॉपवर वेगळं युजर अकाउंट काढा, पाठीमागे भिंत येईल असं बसवा, आणि पेपर संपला की अ‍ॅप काढून टाका. नकलेची काळजी मला समजते, पण पुस्तक उघडून लिहायचा पेपर काढणं किंवा नंतर पाच मिनिटं तोंडी विचारणं हे कुणाच्याही घरात न डोकावता जमतं.

प्रश्न: कुरिअरवाल्याने फोनवर सांगितलं म्हणून स्टार ४०१ स्टार आणि पुढे एक नंबर डायल केला. काही होईल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे, चालला तर तुमचे कॉल त्या नंबरवर जातात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कोड कॉलवर मागवून चोर तुमचं अकाउंट उघडतो. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये ही सोय थांबवायला सांगितलीय, तरी खात्री करा: स्टार हॅश २१ हॅश डायल केलं की फॉरवर्डिंग चालू आहे का ते दिसतं, आणि हॅश हॅश ००२ हॅश ने सगळं बंद होतं. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन टाका, आणि लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी काही दिसलं तर तिथूनच लॉगआउट करा.