मुलं लहान असतील तर युरोपातलं एकच शहर निवडा

मेच्या सुट्टीत युरोपला जाऊ पाहणाऱ्या आईबाबांचे हे काही प्रश्न. एका शहराचा नीट विचार करता यावा म्हणून उत्तरांत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना धरलं आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी सर्वांत आधी हेच शहर सुचवते.

मे महिन्यात नऊ दिवस मिळताहेत. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सहाचा. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम एकाच फेरीत करावं असं ह्यांचं म्हणणं आहे. जमेल का? (पुणे)

कागदावर जमेल, पण करू नका. शहर बदलायचं म्हणजे बॅगा भरणं, स्टेशन गाठणं, नवी खोली मिळेपर्यंत ताटकळणं. त्यात दिवस जातोच, शिवाय साडेतीन वर्षांच्या मुलीची दुपारची झोप मोडते आणि त्याचा त्रास दुसऱ्या दिवशीही पुरतो. पॅरिस तुम्हाला फार आवडेल, पण तिथल्या जुन्या मेट्रो स्टेशनांवर जिनेच जिने आहेत आणि बाबागाडी तुम्हालाच उचलावी लागेल.

व्हिएन्नात मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय 1752 सालचं आहे. आजही चालू असलेलं जगातलं हे सर्वांत जुनं प्राणिसंग्रहालय. त्याला एक अख्खी सकाळ द्या. शेजारच्या राजवाड्याच्या दालनांमागे मुलांना फरफटवू नका. त्याच राजवाड्यात मुलांचं संग्रहालय आहे, तिथे राजपुत्र-राजकन्येचे कपडे घालून मिरवता येतं. तुमच्या दोन्ही मुलांना तेच आवडेल.

दुसरी सकाळ प्राटरची. या जत्रेसारख्या बागेत शिरायला पैसे पडत नाहीत, प्रत्येक पाळण्याचे वेगळे मोजायचे. 1897 सालचं मोठं चक्र (जायंट व्हील) जवळपास 65 मीटर उंच आहे, पण त्याचे डबे बंद असतात आणि ते अगदी संथ फिरतं, त्यामुळे घाबरट मुलंही खिडकीशी उभी राहून शहर बघतात. 1928 पासून धावणारी छोटी आगगाडीही तिथेच आहे.

दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवा आणि तीही सकाळी. दुपारी खोलीवर परत या, झोप होऊ द्या. मेमध्ये साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळी बागेत घसरगुंडीला भरपूर वेळ मिळतो. तो वेळ फुकट गेला असं मानू नका. मुलांची सहल तीच असते.

पहिल्या दोन दिवसांचं गणितही मांडून ठेवा. उन्हाळ्यात व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात सातला उठणारं मूल तिथे साडेतीनला टक्क जागं होईल आणि संध्याकाळी सहालाच पेंगेल. पहाटेसाठी खाऊ आणि चित्रांची वही जवळ ठेवा. संध्याकाळचं कुठलंही बुकिंग या दोन दिवसांत नको.

बाळ दहा महिन्यांचं आहे. त्याला वेगळा व्हिसा लागतो का? (नाशिक)

लागतो. पासपोर्टही स्वतःचा हवा. सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) शुल्क नाही, सहा ते बारा वयाला 45 युरो आणि मोठ्यांना 90. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या तयार ठेवा. किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा बाळाच्या नावानेही हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधीच करा.

सासूबाई सोबत आहेत, त्या अंडंही खात नाहीत. मुलाला रोज तूप-भात लागतो. तूप, पेढे आणि आंबे नेऊ का? (ठाणे)

यातलं काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, त्यात तूप आणि पेढेही आले. बाळाच्या दुधाच्या पावडरीला मर्यादित सवलत आहे, डबा मात्र कंपनीचा सीलबंद हवा. आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, कढीपत्त्याचंही तेच. मेतकूट, भाजलेला रवा, मुगाची डाळ, मसाले खुशाल न्या.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. सासूबाईंचा निम्मा ताण तिथेच संपेल. तांदूळ, दही, लोणी, बटाटे सुपरमार्केटात मिळतात आणि लोणी कढवून तूप तिथेच होतं. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांमधून येतं, ते बिनदिक्कत प्या. खरेदी शनिवारीच उरका. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही तेवढी उघडी. बाहेर खाताना सूपबद्दल नक्की विचारा, कारण भाज्या दिसल्या तरी ते बऱ्याचदा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. मुलांसाठी सर्रास मागवतात त्या काइझरश्मार्न या गोड पदार्थात अंडं असतं.

आम्ही म्युनिकला राहतो. लाँग वीकेंडला बाबागाडी घेऊन व्हिएन्नाला जायचं आहे. राहायचं कुठे? (म्युनिक)

थेट रेल्वेने चार तास लागतात, विमानाच्या फंदात पडू नका. मेट्रोच्या थांब्यापासून पाच मिनिटांच्या आत घर बघा. शहराच्या अगदी मध्यात नसलं तरी चालेल. बुक करण्याआधी घरमालकाला दोन गोष्टी विचारा. लिफ्ट तळमजल्यापासून आहे का? जुन्या इमारतींत बऱ्याचदा ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. आणि जुलै-ऑगस्ट असेल तर एसी आहे का? जुन्या घरांत तो सहसा नसतो.

पाऊस लागला तर निसर्गविज्ञान संग्रहालयात जा. एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. डायनासोरच्या दालनातला हलणारा ॲलोसॉरस आधी दाखवा. मुलं खूश झाली की 1908 साली सापडलेली विलेनडॉर्फची अकरा सेंटीमीटरची व्हीनस, म्हणजे अश्मयुगातली छोटी स्त्रीमूर्ती, तुम्हाला निवांत बघता येईल.

तिथे मुलाला ताप आला तर? (कोल्हापूर)

मुलाच्या डॉक्टरांकडून वजनानुसार डोस लिहून घ्या आणि नेहमीची औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. ऑस्ट्रियात तापाचं साधं औषधही सुपरमार्केटात मिळत नाही, ते फार्मसीतूनच घ्यावं लागतं. रात्री किंवा रविवारी ती बंद दिसली तर दारावरची सूचना वाचा, जवळची कुठली उघडी आहे ते त्यावर असतं. मूल मलूल वाटलं, श्वासाचा त्रास दिसला तर थांबू नका, 112 फिरवा. हा नंबर युरोपीय संघात सगळीकडे चालतो आणि मोफत आहे. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये निघण्याआधीच घालून ठेवा.