टेक्सास राज्याची खरी ओळख कोणता पदार्थ : चिली की बार्बेक्यू?

अधिकृतरीत्या विचाराल तर चिली, म्हणजे मिरच्या घालून केलेला मांसाचा रस्सा. टेक्सासच्या विधिमंडळाने १९७७ साली ठराव करून 'चिली कॉन कार्ने'ला राज्याच्या पदार्थाचा मान दिला आहे. इतिहासही तिच्याच बाजूचा आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या दशकापर्यंत सान अँटोनिओ शहराच्या चौकांत 'चिली क्वीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया संध्याकाळी टेबले मांडून कंदिलाच्या उजेडात हा पदार्थ विकत असत. तिथल्या पद्धतीत गोमांसाचे लहान तुकडे, भिजवून वाटलेल्या वाळक्या मिरच्या, लसूण आणि सढळ हाताने घातलेले जिरे हे सारे मंद आचेवर काही तास शिजवून दाट, तांबूस रस्सा करतात. त्यात राजमा घालणे कट्टर टेक्सासकरांना अजिबात खपत नाही, आणि काही जण तर टोमॅटोलाही नाक मुरडतात. हे जरा अतीच म्हणावे लागेल. टेक्सासचेच असलेले अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या आवडत्या चिलीची कृती लोक इतकी मागू लागले की तिची छापील कार्डे काढावी लागली, आणि त्या कृतीत राजमा नसला तरी टोमॅटो आहेत. मात्र आज तिथे जाऊन काय खावे, असा तुमच्या प्रश्नाचा रोख असेल, तर उत्तर बदलून बार्बेक्यू असे होते : मध्य टेक्सासात, विशेषतः लॉकहार्टसारख्या गावांत, ओकच्या लाकडाच्या धुरावर तासन्‌तास शिजवलेला ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा भाग) हेच बहुतेकांचे पहिले आकर्षण असते.