पॉवर स्टेअरिंग बॉक्स गळतोय: सील बदलू की अख्खा बॉक्स?

भाऊ, तुमची सुमो 2005 ची, सकाळी बॉक्सखाली लाल डाग दिसतो, आणि धुळ्यातला मेकॅनिक अख्खा बॉक्स बदला म्हणतो. सील किटमध्ये भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागू शकतं, पण आधी बॉक्समधून खाली येणारा शाफ्ट (दांडा) बघा.

गळती कुठून आहे ते आधी नक्की करा. ऑइल वरून ओघळून खाली थेंब धरतं, त्यामुळे खालचं सील उगाच बदनाम होतं. बॉक्स डिझेलने धुवा, फडक्याने कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी चालू करून कुणाला तरी स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि सगळ्यात वर ओलं कुठे होतं ते बघा. प्रेशर पाइपचा जोड ओला असेल तर तांब्याचे वॉशर बदलून काम होतं. रिटर्न पाइपचा क्लिप ढिला असेल तर तेही सोपं. वरच्या झाकणातून किंवा स्टेअरिंग रॉड शिरतो तिथून येत असेल तर बॉक्स उतरवूनच किट टाकायचं.

ड्रॉप आर्मच्या (बॉक्सखालचा, चाकांच्या रॉडला जोडलेला हात) वर, सेक्टर शाफ्टपाशी (तोच खाली येणारा शाफ्ट, ज्यावर आर्म बसतो) ओलं असेल तर आर्म पकडून आडवा हलवा. शाफ्ट बाजूला हलताना दिसला तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. नवीन सील टाकलं तरी महिन्या-दोन महिन्यांत परत गळेल. तेव्हा मेकॅनिक बरोबर बोलतोय. शाफ्ट घट्ट असेल तर सील बदला.

चाकं सरळ ठेवा. आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण करा, मग नट सोडा. आर्म पुलरनेच काढा. हातोड्याने ठोकलं की धक्का थेट आतल्या बेअरिंगला आणि बॉलनटला (स्टेअरिंग फिरवलं की शाफ्ट वळवणारा आतला भाग) बसतो. सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग), वॉशर, सील कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने आहेत याचा मोबाइलवर फोटो काढा. आता शाफ्टवर नख फिरवा. सीलची धार चालते तिथे नखाला खाच लागली किंवा गंजाचे खड्डे असले तर शाफ्ट बाद. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून काढा. लांबीत घासलं तर त्या रेषांतूनच ऑइल निघतं.

सील घेताना इथेच लोक फसतात. मापाचं साधं ऑइल सील स्वस्तात मिळतं आणि बसतंही, पण ते अर्ध्या बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) पुढे धरत नाही. बॉक्समध्ये स्टेअरिंग लॉकला गेलं (एका टोकाला पूर्ण वळलं) की प्रेशर शंभर बारच्या आसपास जातं. म्हणून बॉक्सच्या पट्टीवरचा नंबर दाखवून पॉवर स्टेअरिंगचंच किट मागा, जुनं सील सोबत न्या. बसवताना स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकाचे दाते) टेप गुंडाळा, नाहीतर सीलची धार तिथेच कापते. सीलला ऑइल लावा आणि बाहेरच्या कडेच्या मापाच्या पाइपने सरळ दाबा. बाहेरचं धूळ अडवणारं रबर फाटलं असेल तर तेही नवीन टाका. आपल्याकडची काळी माती धारेत अडकली की शाफ्टच घासते.

मग नवीन एटीएफ (पॉवर स्टेअरिंगमध्ये चालणारं लाल ऑइल) भरा. ब्रेक ऑइल चुकूनही नको, रबर फुगतं. पुढची चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, मधेमधे ऑइल टाकत राहा. नंतर इंजिन चालू करून हळू फिरवा. ऑइलच्या डब्यात फेस दिसला तर बंद करून थोडा वेळ थांबा, हवा निघू द्या.

गळती थांबवायला वरचा अ‍ॅडजस्टर स्क्रू कसू नका. त्याचा सीलशी संबंध नाही, उलट स्टेअरिंग वळणानंतर सरळ परत येत नाही. सील मऊ करणारं बाटलीतलं औषधही फार तर सीझन काढायला. आणि कापसाच्या जिनिंगच्या आवारात गाडी वळवताना स्टेअरिंग लॉकला दाबून धरायची सवय सोडा. पाच सेकंदांच्या वर धरलं की पंप ऑइल तापवतो आणि तापलेल्या ऑइलमध्ये सील कडक होतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात 44-45 अंशांत हे आणखी लवकर होतं.

ड्रॉप आर्मचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (ठरवून दिलेल्या जोरानेच) आवळा, लॉक वॉशर नवीन. दोन दिवस चालवून बॉक्स परत पुसा आणि बघा.